हजेरीपटावर नाव नाही, रहिवास कसा दाखवायचा?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसमध्ये कामाला तोटा नाही. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडच्या) कोळसा खाणी आहेत, सिमेंटचा कारखाना आहे, स्पंज आयर्नचा कारखाना आहे आणि या सगळ्यांभोवती फिरणारी ट्रकची, हमालीची, वीटभट्टीची, बांधकामाची कामे आहेत. पण यातले बरेचसे काम ठेकेदारामार्फत मिळते. ठेका संपला की गेट पास परत जातो, हजेरीपट ठेकेदाराबरोबर जातो आणि दहा-बारा वर्षे राबलेल्या माणसाकडे दाखवायला एक पगारपत्रकही उरत नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, मग रोवणी, मग मिरची तोडायला तेलंगणात, असे वर्ष काढणाऱ्यांकडे तर तेवढाही कागद नसतो.

अशा माणसावर नागरिकत्वाच्या अर्जासाठी रहिवास सिद्ध करायची वेळ आली की पहिली धास्ती हीच असते : नोकरीचा पुरावा कुठून आणू? ती धास्ती बऱ्याच अंशी अनाठायी आहे. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम केंद्र सरकारने ११ मार्च २०२४ रोजी लागू केले. अर्जदार ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आला होता हे दाखवण्यासाठी त्या नियमांच्या परिशिष्टात वीस प्रकारचे कागद मान्य केले आहेत. त्या विसात नोकरीचा कागद एकच आहे. बाकीचे शिधापत्रिका, शाळा, बँक, टपाल कार्यालय, वीजबिल, विमा, लग्न, जमीन, न्यायालय अशा रोजच्या जगण्यातले आहेत.

मात्र कागद गोळा करायला निघण्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी. अर्ज करायची गरज खरोखर आहे का?

हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीत विशेष महत्त्वाचा आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना १९६०च्या दशकापासून तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवण्यात आले. अनेक कुटुंबे आधी रायपूरजवळच्या माना कॅम्पमध्ये राहिली आणि तिथून इकडे आली. मुलचेरा आणि चामोर्शी भागात त्यांची गावे उभी राहिली. चंद्रपूर शहरातल्या एका वस्तीचे तर नावच बंगाली कॅम्प आहे. त्यांची दुसरी-तिसरी पिढी आता कामासाठी सगळ्या औद्योगिक पट्ट्यात पांगली आहे. या पिढीतल्या अनेकांना आपण अजून ‘अर्जदार’च आहोत असे वाटते. कायदा तसे म्हणत नाही. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस, काही मोजके अपवाद सोडले तर, जन्मानेच नागरिक आहे. त्याचे आईवडील कुठले हे विचारले जात नाही. १ जुलै १९८७ पासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी एक जण त्या वेळी भारतीय नागरिक असला तरी पुरते. ३ डिसेंबर २००४ पासून पुढे दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा.

म्हणजे १९७२ साली मुलचेऱ्याच्या परिसरात जन्मलेल्या बाईने नागरिकत्वाचा अर्ज करायचा नाही, आपला जन्म इथला असल्याचा पुरावा पक्का करायचा. तिच्या १९९५ साली जन्मलेल्या मुलाने आईच्या जन्माचा पुरावा आणि स्वतःचा जन्मदाखला एकत्र ठेवायचा. विनाकारण अर्ज भरणे म्हणजे आपण परदेशी आहोत असे स्वतःच्या सहीने लिहून देणे होय, आणि ते नंतर निस्तरणे कठीण जाते. त्यामुळे कुटुंबातल्या प्रत्येकाचे जन्मवर्ष आणि जन्मस्थळ एका कागदावर लिहून मगच पुढचा निर्णय घ्यावा. एकाच घरात आजोबांना अर्ज लागतो, बापाला लागत नाही, असे होऊ शकते.

तेलंगण, छत्तीसगड, बिहार, उत्तर प्रदेशातून घुग्घुसला आलेल्या कामगारांचा प्रश्न याहून वेगळा. ते भारतीयच आहेत. त्यांना मुलांच्या प्रवेशासाठी किंवा भरतीसाठी लागते ते महाराष्ट्राचे वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र. त्यासाठी राज्यात पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो आणि अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून तहसीलकडे जातो. प्रमाणपत्राच्या नावात ‘राष्ट्रीयत्व’ असल्यामुळे लोक दोन्ही गोष्टींची गल्लत करतात. कार्यालय वेगळे आहे, कायदा वेगळा आहे. कागद शोधण्याची पद्धत मात्र जवळजवळ एकच आहे, म्हणून पुढचा मजकूर त्यांच्याही कामाचा आहे.

आता ज्यांना खरोखर अर्ज करायचा आहे त्यांच्याविषयी. २०१९च्या दुरुस्तीचा लाभ अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान या तीन देशांतून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांपुरता आहे. इतरांना नेहमीच्या मार्गाने, वैध पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून, शेवटच्या बारा महिन्यांचा सलग रहिवास आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. दुरुस्तीत बसणाऱ्यांसाठी अकराची पाच वर्षे झाली आहेत. म्हणजे त्यांच्या कागदांनी चार गोष्टी सांगायला हव्यात : मूळ देश कोणता, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात प्रवेश झाला होता का, अर्जाच्या आधीचे सलग बारा महिने इथे गेले का आणि त्याआधी एकूण पाच वर्षे भरतात का.

यात एक दिलासा आहे. मोजला जातो तो भारतातला रहिवास, एका गावातला नव्हे. मिरची तोडायला दोन महिने खम्ममकडे गेलेला, किंवा वीटभट्टीवर हंगाम काढून आलेला माणूस भारतातच होता. त्याने ते लपवू नये. पत्ते बदलले असतील तर बदलले असेच लिहावे.

कागद शोधताना पहिले लक्ष तारखेकडे द्यावे. २०१४ पर्यंतचा एक भक्कम कागद आणि अलीकडच्या प्रत्येक वर्षाचा किमान एक कागद, ही चौकट डोक्यात ठेवली की शोध सोपा होतो. एक कोरी वही घ्यावी, प्रत्येक पानावर एक वर्ष लिहावे आणि त्या वर्षी कुटुंबात काय घडले ते आठवून टिपावे : मूल जन्मले, शाळेत घातले, बाप दवाखान्यात भरती होता, घरात मीटर लागले, बचत गटाचे कर्ज निघाले. जिथे जिथे सरकारशी, बँकेशी किंवा शाळेशी संबंध आला तिथे कुठल्यातरी नोंदवहीत एक ओळ उमटलेली असते. आपल्याकडचा कागद हरवला म्हणून त्या वहीतली ओळ जात नाही.

शाळा हे त्यातले सर्वांत भरवशाचे ठिकाण. जिल्हा परिषदेच्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असते आणि ते वर्षानुवर्षे सांभाळले जाते. आईबाप निरक्षर असले तरी मुलाच्या प्रवेशाची तारीख, बापाचे नाव आणि पत्ता त्यात सापडतो. शाळा सोडल्याचा दाखला अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचा असेल तर तो यादीतलाच कागद आहे. मुलाचा असेल तर कुटुंब त्या वर्षी इथे होते याला आधार देणारा. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून रजिस्टरचा प्रमाणित उतारा मागावा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. अर्जात ‘माझे सर्व कागद द्या’ असे मोघम लिहू नये. वर्ष, वर्ग, विद्यार्थ्याचे नाव आणि ‘रजिस्टरमधील नोंदीची प्रमाणित प्रत’ असे नेमके लिहावे.

शिधापत्रिका जुनी झाली, नवी मिळाली की लोक जुनी टाकून देतात. तसे करू नये. फाटलेल्या जुन्या कार्डावरची तारीख नव्या चकचकीत कार्डापेक्षा जास्त मोलाची असते. जुने कार्ड नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत नोंद मागता येते.

बँकेचे खाते अनेकांच्या ध्यानात येत नाही. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाली. त्या पहिल्या चार महिन्यांत शिबिरांमधून ज्यांची खाती उघडली, त्यांच्याकडे ३१ डिसेंबर २०१४च्या आतला पुरावा आहे आणि त्यांना त्याची कल्पनाही नसते. शाखेत जाऊन खाते उघडल्याच्या तारखेचा दाखला आणि वर्षवार उतारा मागावा. टपाल कार्यालयातले बचत खाते किंवा आवर्ती ठेवही चालते. विम्याची बंद पडलेली पॉलिसीही चालते, कारण आज प्रश्न पॉलिसी चालू आहे का हा नसून ती कधी काढली हा आहे.

विजेचे बिल भाड्याच्या खोलीत घरमालकाच्या नावावर येते, ही घुग्घुससारख्या गावातली नेहमीची अडचण. अशा वेळी बिलासोबत घरमालकाचे प्रतिज्ञापत्र जोडावे : अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत ही व्यक्ती माझ्या खोलीत भाड्याने राहिली. एकट्या प्रतिज्ञापत्राला वजन कमी, पण त्याच पत्त्यावरची गॅस जोडणी, मुलाचे शाळेतले कार्ड किंवा बँकेचे पत्र सोबत असेल तर ते उभे राहते. नोंदणीकृत भाडेकरार असल्यास उत्तमच.

घुग्घुसमध्ये आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. इथली ग्रामपंचायत जाऊन नगर परिषद आली. घरटॅक्सची जुनी पावती ग्रामपंचायतीची, नवी नगर परिषदेची, वॉर्डाचे नाव-क्रमांक वेगळे, आणि घर तेच. जुन्या कर आकारणीचा, म्हणजे नमुना ८चा उतारा मागताना घराचा जुना क्रमांक ठाऊक असला तर काम लवकर होते, म्हणून शेजाऱ्याची जुनी पावती पाहून तो क्रमांक काढावा. गडचिरोलीकडून आलेल्यांसाठी हीच गोष्ट जिल्ह्याच्या पातळीवर घडली आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याआधीच्या कागदावर जिल्हा चंद्रपूर, त्याहूनही जुन्यावर चांदा, आणि आजच्या आधारवर गडचिरोली. बाहेरचा अधिकारी हे तीन पत्ते समजू शकतो. अर्जासोबतच्या निवेदनात एका ओळीत खुलासा करून टाकावा.

मग नोकरीचा तो एकमेव कागद? तो अगदीच नसतो असेही नाही. नियमात भविष्यनिर्वाह निधी किंवा कर्मचारी राज्य विमा यांचा आधार असलेला नोकरीचा पुरावा मागितला आहे. ठेकेदाराने काही महिने का होईना पीएफ कापला असेल तर तो क्रमांक शोधावा. कोळसा खाणीत ठेकेदारीवर काम केलेल्यांनी साध्या ईपीएफओच्या कार्यालयात हेलपाटे घालण्याआधी लक्षात घ्यावे की खाण कामगारांसाठी कोळसा खाण भविष्यनिर्वाह निधी ही वेगळी संघटना आहे. ठेका कामगारही तिच्याच कक्षेत येतात. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी आणि ई-श्रम कार्ड हे कागद अलीकडच्या वर्षांसाठी उपयोगी पडतात. ई-श्रम २०२१ मध्ये सुरू झाले, त्यामुळे २०१४ची रेषा त्याने ओलांडता येत नाही.

बायकांचा प्रश्न सर्वांत बिकट आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. नोकरीचा कागद नवऱ्याचा, घर सासऱ्याचे, मीटर दिराच्या नावावर. तिच्या नावाची पहिली नोंद बहुतेकदा माहेरच्या शाळेत असते, दुसरी लग्नाची आणि तिसरी पहिल्या बाळंतपणाची. प्राथमिक आरोग्य केंद्रातले माता-बाल संरक्षण कार्ड, अंगणवाडीच्या रजिस्टरमधली गरोदर मातेची नोंद, मुलाच्या जन्मदाखल्यावरचे आईचे नाव, बचत गटाच्या खात्याचे पासबुक, हे तिचे पुरावे. बाईचा अर्ज नवऱ्याच्या अर्जाची पुरवणी म्हणून भरू नये. तिच्यासाठी वेगळी वही करावी आणि लग्नाआधीची वर्षे माहेरच्या पत्त्याने भरावीत.

नावांच्या बाबतीत बंगाली कुटुंबांना इथे खास त्रास होतो. आजोबांच्या कागदावर नुसते नाव आणि आडनाव असते; मराठी शाळेत गेलेल्या नातवाच्या नावात गुरुजींनी इथल्या रीतीप्रमाणे मध्ये बापाचे नाव घातलेले असते. ‘बिश्वास’चे ‘विश्वास’ होते, ‘मोंडल’चे ‘मंडल’. संगणकावर एका अक्षराच्या फरकानेही दोन माणसे होतात. अर्ज भरण्याआधी सगळे कागद ओळीने मांडून प्रत्येक वेगळे रूप टिपावे आणि ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करावे. त्रुटी निघाल्यावर केलेल्या प्रतिज्ञापत्रापेक्षा आधीच जोडलेले चांगले.

मूळ देशाचा पुरावा हा रहिवासाहून वेगळा विषय असला तरी अनेक अर्ज तिथेच अडतात. ज्यांच्या घरात बॉर्डर स्लिप, कॅम्पचे कार्ड किंवा जमीनवाटपाचा आदेश आहे त्यांनी तो जिवापाड जपावा. केंद्राने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले की आईवडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा त्या देशाचे होते असे दाखवणारा भारतातला सरकारी किंवा न्यायालयीन कागदही चालेल. तेव्हा ‘पूर्व पाकिस्तानातील विस्थापित’ असा शेरा असलेला जमिनीचा जुना आदेश नातवालाही उपयोगाचा आहे. जुन्या पासपोर्टची किंवा परवान्याची मुदत संपली असली तरी तो स्वीकारला जातो.

कागदच उरले नाहीत अशीही वेळ येते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात जमीन खचून एक घर अख्खे जमिनीच्या पोटात गेले आणि आजूबाजूच्या कुटुंबांना हलवावे लागले. पूर, आग, भूस्खलन यांत कागद गेले की लोक हताश होतात. पण त्या दिवशी महसूल विभागाने केलेला पंचनामा, स्थलांतरितांची यादी, मदतीचा धनादेश हे सगळे त्या तारखेला कुटुंब तिथे राहत होते याचे सरकारी पुरावे आहेत. कागद हरवल्याची नोंद पोलीस ठाण्यात करावी आणि पंचनाम्याची प्रमाणित प्रत तहसीलमधून घ्यावी.

लोकप्रतिनिधीचा दाखलाही यादीत आहे. ग्रामीण किंवा नागरी संस्थेचा निवडून आलेला सदस्य, तिथला अधिकारी किंवा महसूल अधिकारी तो देऊ शकतो. मात्र ‘ओळखतो, चांगल्या वर्तनाचे आहेत’ असा छापील दाखला कुचकामी. केव्हापासून, कुठल्या घरात आणि कोणत्या नोंदीवरून, हे तीन तपशील त्यात हवेत. याच जिल्ह्यांत वनहक्क कायद्याखाली म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब, जुन्या विहिरी, बांध यांनाही पुरावा मानले गेले आहे. नागरिकत्वाच्या अर्जात तशी मोकळीक नाही. इथे तारखेचा कागदच चालतो. तरीही आजोबांशी बसून बोलण्याचा उपयोग होतो, कारण कुठल्या शाळेत, कुठल्या कॅम्पात, कुठल्या कचेरीत नोंद शोधायची हे त्यांनाच ठाऊक असते.

आधार कार्डाविषयी स्पष्ट असावे. महाराष्ट्रात आधारची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत झाली. २०१४ अखेरपर्यंतची नोंदणी असेल तर तिची पावती प्रवेशाच्या तारखेसाठी उत्तम, कारण पावतीवरच्या नोंदणी क्रमांकाला तारीख आणि वेळ जोडलेली असते. पण आधार हा रहिवासाचा आधार आहे, नागरिकत्वाचा नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही हे आधारच्या कायद्यातच लिहिले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्याच्या एका प्रकरणात जामीन नाकारताना हेच सांगितले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हाती असल्याने कोणी नागरिक ठरत नाही. अर्जदाराचे नाव मतदार यादीत असेल तर ते दडवू नये आणि परस्पर जोडूही नये. नागरिक नसताना नाव नोंदवणे हा गुन्हा ठरू शकतो, म्हणून आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तो मोफत मिळतो.

दलालापासून सावध राहणे हा उपचार म्हणून दिलेला सल्ला नाही. ‘२०१४ची तारीख टाकून देतो’ म्हणणारा माणूस अर्जदाराला तुरुंगाच्या दारात नेतो : खोटी माहिती देऊन नागरिकत्व मिळवण्याच्या प्रयत्नाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांची महाराष्ट्रात २०२५ मध्ये मोठी फेरतपासणी झाली. ज्यांच्यामागे शाळेचा किंवा दवाखान्याचा आधार नव्हता ते दाखले अडचणीत आले. आणखी एक गैरसमज पसरवला जातो. सप्टेंबर २०२५च्या केंद्रीय आदेशात ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख आहे, पण ती कागदांशिवाय आल्याबद्दलच्या कारवाईतून सूट देण्यापुरती. नागरिकत्वाची रेषा ३१ डिसेंबर २०१४ हीच राहिली आहे.

अर्ज संकेतस्थळावर भरला जातो. सोबत अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र, त्याच्या चारित्र्याविषयी एका भारतीय नागरिकाचे प्रतिज्ञापत्र, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एखादी भाषा येत असल्याची घोषणा आणि स्थानिक नावाजलेल्या सामाजिक संस्थेचे पात्रता प्रमाणपत्र लागते. मराठी किंवा बंगाली बोलणाऱ्याला भाषेची अडचण नाही. छाननी करणाऱ्या जिल्हास्तरीय समितीचे प्रमुख टपाल खात्याचे अधीक्षक किंवा वरिष्ठ अधीक्षक असतात आणि अंतिम निर्णय राज्याच्या जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालील समिती घेते. जिल्हा समितीसमोर मूळ कागद घेऊन स्वतः हजर राहावे लागते. निष्ठेची शपथही तिथेच घेतली जाते. वारंवार संधी देऊनही अर्जदार आला नाही तर अर्ज नामंजुरीच्या शिफारशीसह पुढे जाऊ शकतो. हंगामावर बाहेरगावी जाणाऱ्यांनी म्हणून मोबाइल क्रमांक अर्ज निकाली निघेपर्यंत बदलू नये, अर्जाची पोच आणि सगळ्या कागदांचा एक झेरॉक्स संच घरी राहणाऱ्या माणसाकडे ठेवावा, आणि बोलावण्याची तारीख आली की ठेकेदाराला आधीच सांगून त्या दिवसाची सुटी घ्यावी.